गुप्त पंथाची भीती कोणाच्या सोयीची?

"मनुवाद्यांचा एक गुप्त पंथ आहे आणि तोच सगळे चालवतो," हे वाक्य आमच्या अभ्यासवर्गात दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी बोलतेच. या वेळी ते एका इटालियन भयपटाच्या निमित्ताने आले. मिकेले सोआवीचा 'ला सेत्ता', साल १९९१. सेत्ता म्हणजे पंथ. काही पोरांनी तो मोबाइलवर पाहिला होता. चर्चेत म्हणाले, आपल्याकडेही हेच चालले आहे, फक्त त्यावर सिनेमा काढायची कुणाची हिंमत नाही. आम्हाला हे अजिबात मान्य नाही. आणि का मान्य नाही हे नीट मांडायला हवे, कारण हा सिनेमाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. शत्रूचे चित्र चुकले की लढाईची जागा चुकते.

आधी सिनेमाविषयी. निर्मिती दारिओ अर्जेंतोची, पटकथेतही त्याचा हात. सुरुवात १९७० च्या कॅलिफोर्नियात. वाळवंटाच्या कडेला हिप्पी मंडळींचा तळ पडला आहे, तिथे एक अनोळखी माणूस पाणी मागत येतो आणि रात्री सगळ्यांची कत्तल होते. मॅन्सन टोळीने १९६९ मध्ये केलेल्या खुनांची ही उघड आठवण. मग कथा जर्मनीतल्या फ्रँकफर्टला येते. भुयारी रेल्वेत एक खिसेकापू एका माणसाच्या खिशात हात घालतो आणि त्याच्या हाती येते माणसाचे काळीज. मिरियम नावाची लहान मुलांची शिक्षिका एका म्हाताऱ्याला आपल्या गाडीचा धक्का लागता लागता वाचवते आणि माणुसकीने घरी आणते. तिच्या घराच्या तळघरात एक विहीर आहे. म्हातारा त्या विहिरीसाठीच आलेला असतो. पुढे कळते की मिरियमला पंथाने फार पूर्वीच निवडून ठेवले आहे, सैतानाचे मूल तिच्या पोटी यायचे आहे, आणि योगायोग म्हणून तिने जे जे सोसले ते सगळे कुणीतरी आधीच मांडून ठेवलेले होते.

सिनेमा म्हणून तो टाकाऊ नाही. त्यातली एक गोष्ट आम्हाला खरोखर महत्त्वाची वाटली. या चित्रपटातली खरी भीती काळजाची नाही, विहिरीची नाही. ती या गोष्टीची आहे की एका बाईचे आयुष्य ती जन्माला येण्याआधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकले होते. युरोपातल्या प्रेक्षकाला हे इतके भयानक वाटते की त्याला त्यासाठी सैतान लागतो. आपल्याला? आपल्या गावाचा नकाशा काढा. वस्ती कोणत्या बाजूला आहे, पाणी कुठून येते, मसणवट कुणाची कुठे आहे. जन्माआधी ठरलेले आयुष्य तिथे चुन्याने आखल्यासारखे दिसते. त्यासाठी तळघर नको आणि मेणबत्त्याही नकोत.

इथेच आमचा पहिला आक्षेप आहे. जातिव्यवस्थेला गुप्त पंथ म्हणणे म्हणजे तिला फुकटचे संरक्षण देणे. गुप्त गोष्ट कुणालाच माहीत नसते, म्हणून तिची जबाबदारीही कुणावर येत नाही. "आम्हाला कुठे माहीत होते?" असे म्हणायची सोय होते. पण जात माहीत नाही असा एक माणूस या देशात दाखवा. वर्तमानपत्रातल्या वधू-वर सूचकाच्या जाहिराती रविवारी उघड्यावर छापल्या जातात. भाड्याने खोली देताना आडनाव विचारले जाते, तेही दारात उभे करून. मनुस्मृती बाजारात विकत मिळते. बाबासाहेबांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती जाहीरपणे जाळली गेली, कारण ती जाहीरपणे पूजली जात होती. लपवलेल्या ग्रंथाची होळी करून कोणता संदेश गेला असता? चवदार तळ्यावर बंदी होती ती कुजबुजीने नव्हती, साऱ्या महाडला ठाऊक होती, म्हणूनच त्याच वर्षीच्या २० मार्चला तिथले पाणी पिणे हे बंड ठरले.

यावर लगेच येणारा प्रश्न आम्हाला माहीत आहे. मग कट कधी होतच नाहीत का? होतात. आणि याचे उत्तम उदाहरण त्याच इटलीत आहे, ज्या इटलीने हा सिनेमा बनवला.

१७ मार्च १९८१ रोजी, एका बँकवाल्याच्या घोटाळ्याचा तपास करणाऱ्या मिलानच्या दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने, आरेत्सो प्रांतातल्या कास्तिलिओन फिबोक्की गावी लिचिओ जेल्ली याच्या कारखान्यातल्या कार्यालयावर छापा पडला. तिथे 'पी दोए' या गुप्त मंडळाच्या सभासदांची यादी सापडली. नावे ९६२. त्यात मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, बँकवाले, वृत्तपत्रवाले. सरकार कोसळले. संसदेने चौकशी समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी तीना आन्सेल्मी या बाई आल्या. मुलगी असताना फॅसिस्टांविरुद्ध भूमिगत लढलेल्या आणि १९७६ मध्ये इटलीच्या पहिल्या महिला मंत्री झालेल्या. १९८२ मध्ये गुप्त संघटनांविरुद्ध कायदा झाला. बंदी तर इटलीच्या संविधानाच्या १८ व्या कलमात आधीपासूनच होती. २ ऑगस्ट १९८० रोजी बोलोन्याच्या रेल्वे स्थानकात बॉम्ब फुटून ८५ माणसे मेली, त्या तपासाची दिशाभूल केल्याबद्दल पुढे जेल्लीला शिक्षाही झाली.

त्या ९६२ नावांत एक नाव होते सिल्विओ बेर्लुस्कोनी. आणि 'ला सेत्ता' ज्या पेंटा फिल्मने काढला, त्या कंपनीत चेक्की गोरी पितापुत्रांबरोबर भागीदार कोण? बेर्लुस्कोनीचा उद्योगसमूह. तीन वर्षांनी, १९९४ मध्ये, हेच गृहस्थ इटलीचे पंतप्रधान झाले. म्हणजे खऱ्या गुप्त मंडळाच्या यादीत नाव असलेल्या माणसाच्या पैशातून लोकांना खोट्या गुप्त पंथाची भीती दाखवली गेली. सोआवीने हे ठरवून केले असा आरोप आम्ही करत नाही, तो करायला आमच्याकडे काही नाही आणि गरजही नाही. पण पडद्यावरचा पंथ पाहा: झगे, रक्त, कर्मकांड, चेहरे सोलणे. आणि यादीतला पंथ पाहा: सूट, टाय, बँकेतले खाते, संपादकाची खुर्ची. पहिल्याला घाबरायची सवय लागलेला माणूस दुसऱ्याला ओळखणार कसा?

पी दोए कशाने सापडला? भीतीने नव्हे, कागदाने. छापा, यादी, साक्षी, अहवाल. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. १० मे २०२४ रोजी निकाल लागला, दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. गोळ्या झाडणाऱ्यांच्या मागचे डोके कोण, हे न्यायालयात सिद्ध झाले नाही. आता यावर दोन प्रकारे बोलता येते. तपास कुठे कमी पडला, कोणत्या टप्प्यावर रेंगाळला, हे निकालपत्र हातात घेऊन विचारता येते. किंवा पार्श्वसंगीत लावून 'गुप्त पंथाचे रहस्य' असा व्हिडिओ काढता येतो. दुसऱ्याला लाखभर लोक पाहतील, आणि त्याने ज्यांना घाम फुटायला हवा त्यांची झोपही मोडणार नाही.

आमचा दुसरा आक्षेप पहिल्याहून गंभीर आहे. 'अघोरी गुप्त पंथ' हा शब्द इतिहासात कुणी कुणासाठी वापरला? याचाही पहिला मोठा दाखला इटलीच्याच भूमीवर मिळतो. इसवी सनापूर्वी १८६ मध्ये रोमच्या सिनेटने बाकुस देवाच्या भक्तांवर हल्ला चढवला. सुमारे दोनशे वर्षांनी लिव्ही या इतिहासकाराने लिहिलेली हकिकत वाचली तर आजचा भयपट वाचल्यासारखे वाटते: रात्रीचे मेळावे, किंचाळ्या दाबायला ढोल आणि झांजा, विषप्रयोग, बनावट मृत्युपत्रे, व्यभिचार. तो सांगतो की सात हजारांहून अधिक स्त्री-पुरुष यात अडकले आणि तुरुंगात टाकलेल्यांपेक्षा ठार मारलेले जास्त होते. लिव्ही हा सत्ताधाऱ्यांच्या बाजूचा साक्षीदार. पण योगायोगाने सिनेटच्या त्या हुकुमाचा ब्राँझचा पत्रा दक्षिण इटलीतल्या तिरिओलो इथे १६४० मध्ये सापडला. त्यात काय आहे? विषाचे नाव नाही. त्यात बंदी आहे ती सामाईक निधी ठेवायला, एकमेकांना शपथेने बांधून घ्यायला, आपल्यातून पदाधिकारी नेमायला, पुरुषाने पुजारी व्हायला. पाचापेक्षा जास्त माणसे जमायची असतील तर परवानगी घ्या, आणि त्या पाचांतही पुरुष दोनच.

समाजशास्त्र शिकलेल्या कुणालाही या यादीचा अर्थ लागतो, न शिकलेल्या कार्यकर्त्याला तर आधी लागतो. निधी, शपथ, पदाधिकारी, सभा. ही संघटनेची यादी आहे. रोमच्या सरदारांना दारूची भीती नव्हती, ती तेही पीत होते. या मेळाव्यांत बायका पुढे होत्या, खालच्या थरातली माणसे मोठ्या घरच्यांबरोबर बसत होती, आणि त्यांची वर्गणी एका पेटीत पडत होती. लिव्हीच्या हकिकतीत सरकारला माहिती देणाऱ्या एका बाईची जबानी आहे, त्यात हे लोक म्हणजे जणू दुसरी प्रजाच होऊ लागली आहे असे म्हटले आहे. आपल्या मेळाव्यांबद्दल असे कुणी कधी बोलले नाही का?

हाच साचा पुढे चर्चने उचलला. विशेष म्हणजे आधी रोमन लोक ख्रिश्चनांवर हाच आरोप करत होते, की हे रात्री जमून लहान मुले खातात. सत्ता हाती आल्यावर ख्रिश्चन धर्मसत्तेने तोच आरोप दुसऱ्यांवर टाकला. फ्रिऊली भागातले शेतकरी सांगत की आम्ही ठराविक रात्री आत्म्याने बाहेर पडून पीक वाचवायला चेटकिणींशी लढतो. कार्लो गिंझबुर्ग या इतिहासकाराने १९६६ च्या आपल्या पुस्तकात दाखवले आहे की धर्मन्यायालयाने वर्षानुवर्षे उलटतपासणी करून अशा माणसांच्याच तोंडून 'आम्हीच चेटके' असे वदवून घेतले. लिगुरियातल्या त्रिओरा गावात १५८७ मध्ये धान्य संपले, उपासमार आली, आणि खापर फुटले ते बायकांवर. छळ झाला, काही तुरुंगातच मेल्या. उपासमारीत धान्य कुणाच्या कोठारात होते, हा प्रश्न मागे पडला.

कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. मग 'ला सेत्ता' पडद्यावर आल्यानंतरची ऐका. १९९७ आणि १९९८ मध्ये मोदेना प्रांतातल्या मिरांदोला आणि मास्सा फिनालेसे या गावांतून १६ मुले आईबापांपासून काढून घेण्यात आली. आरोप असा की रात्री कबरस्तानात सैतानाची पूजा होते, मुलांवर अत्याचार होतात, बळी दिले जातात. सुरुवात झाली ती एका अत्यंत गरीब कुटुंबातल्या मुलापासून. बळी गेलेल्यांचे एकही प्रेत सापडले नाही. खटले वर्षानुवर्षे चालले, काहींना शिक्षा झाल्या, बरेच जण निर्दोष सुटले. एक पाद्री निकालाआधीच हृदयविकाराने गेला आणि मेल्यावर निर्दोष ठरला. पण मधल्या काळात मुले मोठी झाली होती, आणि कित्येक मुले आपल्या घरी परत आलीच नाहीत. मुलांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून या कहाण्या उभ्या करण्यात मानसशास्त्रज्ञ होते आणि समाजसेवक होते. आम्ही स्वतः समाजकार्याच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून हे प्रकरण आमच्या घशाखाली उतरत नाही. गरिबाच्या घराविषयी कुणी काहीही सांगितले तरी शिकलेल्या माणसाला ते खरे वाटू शकते. त्याच घटनेतले आरोपी कारखानदार असते तर प्रेते सापडेपर्यंत कुणी एका मुलाला तरी हात लावला असता का?

आता महाराष्ट्रात या. ऑगस्ट २०२१. चंद्रपूर जिल्हा, जिवती तालुका, वणी खुर्द. जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या बायाबापड्यांना भर चौकात खांबाला बांधून मारले गेले. लक्षात घ्या, भर चौकात. ज्यांच्यावर 'गुप्तपणे काहीतरी करतात' असा आरोप होता ते खांबाला बांधलेले होते, आणि ज्यांनी मारले ते उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवले जाते तेव्हाही असेच होते. तिचा मंत्र कुणी ऐकलेला नसतो. तिची जमीन मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते.

म्हणून आमच्या तरुणांना आमचे सांगणे आहे, थोडे कडक वाटले तरी चालेल: 'गुप्त पंथ' हे हत्यार आपले नाही. ते आपल्यावर चालवण्यासाठी घडवलेले आहे. भीमा कोरेगावला जमणाऱ्या लोकांविषयी, वस्तीतल्या अभ्यासवर्गाविषयी, कलापथकाविषयी 'यांच्या मागे कुणीतरी आहे' ही भाषा कोण वापरते ते आठवा. तीच भाषा आपण उलटी करून बोललो तर आपण ती भाषा खरी ठरवतो. मग उद्या आपल्या दारात कुणी तीच भाषा बोलत आले की आपण कोणत्या तोंडाने पुरावा मागणार?

आणि आपण बौद्ध आहोत, तर आपल्या घरात याबाबत काय सांगितले आहे तेही पाहा. महापरिनिब्बान सुत्तात भगवान आजारातून उठल्यावर आनंदाला सांगतात की शिकवण देताना त्यांनी आतले-बाहेरचे असा भेद केला नाही, आणि आचार्याची झाकलेली मूठ तथागताकडे नाही. पालीत यासाठी 'आचरियमुट्ठि' असा शब्दच आहे. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात एक छोटे सुत्त आहे, त्यात झाकून चालणाऱ्या आणि उघड्यावर प्रकाशणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. झाकून चालणाऱ्यांत ब्राह्मणांचे मंत्र आहेत, मिथ्या दृष्टी आहे. उघड्यावर चंद्र, सूर्य आणि धम्म. (झाकलेल्यांच्या त्या यादीत स्त्रीलाही बसवले आहे, ते आम्ही स्वीकारत नाही. ग्रंथात आहे म्हणून मान तुकवायची असती तर नागपूरला जायचे कारणच नव्हते.) १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा उघड्या मैदानावर झाली, लाखो लोकांसमोर. बावीस प्रतिज्ञा कुणाच्या कानात फुंकल्या नाहीत, मोठ्याने म्हणवून घेतल्या.

मंत्राच्या मक्तेदारीवर बाबासाहेबांनी उपाय काय सुचवला होता तेही पुन्हा वाचा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या १९३६ च्या भाषणात ते म्हणतात की वंशपरंपरागत पौरोहित्य बंद करावे, पुरोहिताची सरकारने परीक्षा घ्यावी, उत्तीर्ण होईल त्याला सनद द्यावी, पुरोहितांची संख्या कायद्याने ठरवावी. किती कोरडा, कारकुनी उपाय आहे हा! यात सैतान नाही, रहस्य नाही. परीक्षा, सनद, संख्या. ज्याच्या हातात झाकलेली मूठ आहे त्याला मूठ उघडून कागद दाखवायला लावणे. आन्सेल्मी बाईंनी इटलीत केले तेही जवळपास हेच. आणि बाबासाहेबांच्या त्या सूचनेला ९० वर्षे होत आली तरी आपण त्यासाठी एक मोर्चा काढलेला नाही. इल्युमिनाटीवर मात्र आपल्या ग्रुपांमध्ये रात्री दोनपर्यंत चर्चा चालते.

'ला सेत्ता' जरूर पाहा. आम्हीही पाहिला, पिनो दोनाज्जिओचे संगीत तर कानात राहते. शेवटी मिरियम आपले मूल पंथाच्या हवाली करायला नकार देते, तो भाग चांगलाच आहे. पण दुसऱ्या दिवशी गावातून फोन येतो की अमक्या म्हातारीने मूठ मारली म्हणून लोक जमले आहेत, तेव्हा काय करायचे ते मात्र पाठ असू द्या. महाराष्ट्राचा २०१३ चा नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो कोणीही आरोपी असला तरी लागतो. जिच्यावर आरोप झाला ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोप करून त्रास देणारे त्याबाहेरचे असतील, तर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मध्ये २०१५ च्या दुरुस्तीने चेटकीण ठरवून शारीरिक इजा किंवा मानसिक त्रास देणे हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. ठाण्यात फिर्याद लिहिताना साध्या मारहाणीवर भागवले जाते, म्हणून हे कलम तोंडाने सांगून लिहून घ्यावे लागते. फिर्यादीची प्रत विनाशुल्क मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. म्हातारीला त्याच रात्री दवाखान्यात नेऊन तपासणीचा कागद करून घ्या. आणि जमलेल्यांत आपल्याच वस्तीतली, आपल्याच विहारात येणारी माणसे असतील, तर अॅट्रॉसिटी लागणार नाही. २०१३ चा कायदा लागेल, आणि त्यांच्या नावाची फिर्यादही आपणच द्यायची आहे.

जय भीम.